कॅलेंडरची जागा

पेण
सोमवार, २० जानेवारी २०२५

काल सगळ्यात आधी आत आली ती म्हातारी. गाडीतून उतरायला तिला दोघांनी हात दिले, पण उंबरा ओलांडला तो तिनेच सगळ्यांच्या पुढे, आणि ओलांडता ओलांडता मला विचारते, "गो बाय, न्हाणी कुठे हाय? नागोठण्यापासून धरून ठेवलंय."

शांते, मी तिथेच अर्धी निर्धास्त झाले. सोयरीक जुळवायला आलेली बाई पहिलं वाक्य हे बोलते, तर तिच्या घरात कोणाचा श्वास कोंडत नसणार. हे मी तुला लिहून देते. लिहूनच देते आहे.

तिच्या मागून आला तिचा मुलगा गुणाजी. निडीला त्याचं भात आणि वालाचं शेत आहे. माणूस कमी बोलतो, बसला की गुडघ्यावर हात ठेवून बसतो, फोटो काढायला बसल्यासारखा. त्याच्या मागून त्याची बायको, मग साईराज, म्हणजे मुलगा, आणि सगळ्यात शेवटी आपला कोलाडचा कमळाकर, मध्यस्थ म्हणून. खानावळ बायकोवर टाकून आला होता आणि बसल्याबरोबर पापड मागितले. त्याला कुठेही न्या, तो आधी खातो.

आता तू म्हणशील, नऊ वर्षांनी हिला माझी आठवण कुठून झाली आणि कोणाचे पाहुणे, कसले पाहुणे. आपल्या रघूच्या किमयाला, माझ्या नातीला, बघायला आले होते. चोवीस वर्षांची झाली गो ती. आई कावीळ होऊन गेली तेव्हा चारची होती, रघू हायवेवर अपघातात गेला तेव्हा तेराची. आता पेणच्या बाजारात मेडिकलमध्ये उभी राहते आणि डॉक्टरांचं अक्षर वाचते, जे डॉक्टरांना वाचता येत नाही. साईराज रोह्याला कंपनीत आहे, शिफ्ट असते. म्हातारीच्या गुडघ्यांचं औषध घ्यायला तो पेणला यायचा. आधी महिन्याने यायचा, मग पंधरा दिवसांनी, मग आठ दिवसांनी. मी किमयाला म्हटलं, म्हातारीला एवढ्या गोळ्या चारतात काय? तेव्हा हसली आणि सांगितलं.

मुलगा मला आवडला. चहाचा कप स्वतः उचलून मोरीत ठेवला. मला एवढा आनंद झाला की मी कमळाकरला तिसऱ्यांदा पापड वाढले.

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. मागे किमयाच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. पत्र फाडायचं तर फाड, पण माणूस फाडायच्या आधी एकदा वाचतंच. आणि तुला माहीत नसेल, मला आता लिहिता येतं. आपल्या दोघींना आयने तिसरीतून काढून मिठागरावर नेलं. पास्टरीणबाईने मला अठ्ठावन्नाव्या वर्षी परत पाटी दिली. जोडाक्षरं अजून किमयाला विचारते, पण या पत्रातली नाही विचारली. तिला हे पत्र माहीत नाही.

बाकी सगळं चांगलं झालं. म्हातारीने घर बघितलं, परस बघितलं, कोंबड्या मोजल्या. मग तिचं लक्ष समोरच्या भिंतीवर गेलं. भिंत चुलीच्या धुराने काळवंडलेली, आणि मधे एवढा एवढा चौकोन पांढरा. "इथे काय होतं गो?" मी म्हटलं, "कॅलेंडर. नवीन साल लागलं नाय का, काढलं." ती म्हणाली, "अस्सं." परसात माझा कोंबडा आरवला, भर दुपारी. बस, एवढंच झालं.

जाताना "कळवतो" म्हणाले. मीठ या वेळी लवकर निघालं आहे. तुझा डबा नेहमीसारखा कमळाकरच्या गाडीत ठेवला आहे.

तुझी मोठी बहीण
गोदू


पेण
बुधवार, २९ जानेवारी

दहा दिवस झाले, कळवतो म्हणालेल्यांनी काही कळवलं नाही. साईराज मेडिकलमध्ये आला होता. "घरात बोलणं चाललंय" एवढंच म्हणाला. किमया जेवते, कामाला जाते, पण ताटात भाताचे ढीग करते आणि परत मोडते. मीही तेच करते. कोंबड्यांचं बरं चाललं आहे.

मागच्या पत्रात मी तुला एक गोष्ट अर्धी सांगितली. ती आता सांगते.

त्या भिंतीवर कॅलेंडर नव्हतं. प्रभूची फ्रेम होती. खांद्यावर कोकरू घेतलेला प्रभू, दहा वर्षं तिथेच आहे. पाहुणे येणार त्या सकाळी मी ती खिळ्यावरून उतरवली, फडक्यात गुंडाळली आणि तांदळाच्या पिंपात खुपसली, वरून तांदूळ सारले. काढल्यावर बघते तर भिंतीवर तो पांढरा चौकोन. फ्रेम होती तेव्हा कोणाला दिसत नव्हती, काढल्यावर आलेल्या प्रत्येकाला दिसायला लागली.

आता मी मनाशी काय म्हटलं ते ऐक. म्हटलं, चित्र तर कॅलेंडरचंच आहे. खरंच आहे गो, पास्टरीणबाईने जुन्या कॅलेंडरचं पान कापून दिलं होतं, काच मी घातली. म्हणजे कॅलेंडर म्हटलं तर खोटं कुठे? असं मी दोन दिवस चालवलं. पण मिठात माती मिसळली तर ती तोलताना कळत नाही, कालवणात कळते. ते तुला-मला कोणी शिकवायला नको. पास्टर, खारटपणा गेलेलं मीठ फेकूनच द्यायचं, असा उपदेश करायला लागले की मी खाली बघते, त्यांच्या पायाला कधी मिठागराची भेग पडलेली नाही. पण त्या दिवशी त्यांचंच बरोबर होतं.

आणि पाहुणे आले तो रविवार होता. रविवारी दहा वाजता माझ्या पडवीत मंडळी बसते, सहा-सात माणसं, गाणी म्हणतात, प्रार्थना करतात. मी शनिवारी सगळ्यांना सांगितलं, येऊ नका. नाथा, मिठागरावर आपला मुकादम होता तो, आता त्याला नीट दिसत नाही, तो काठी टेकत विचारायला आला, "गोदूबाय, आजारी हाव काय?" मी म्हटलं, "व्हय." तो म्हणाला, "मग आमी तुमच्यासाठी प्रार्थना करतो." आणि ते सगळे बांधावर उन्हात बसून माझ्या तब्येतीसाठी प्रार्थना करत होते, तेव्हा मी घरात पापड तळत होते.

फ्रेम किमयाला तिसऱ्या दिवशी सापडली. भाताला तांदूळ काढायला पिंपात हात घातला आणि ओरडून विचारते, "आजी, प्रभू पिंपात काय करतोय?"

मी म्हटलं, "काच पुसायला काढलीय."

"तांदळाने पुसतेस?"

शांते, एका कॅलेंडरपायी तीन खोटी झाली. म्हातारीला एक, नाथाला एक, आणि घरच्या पोरीला एक.

मग रात्री जेवता जेवता किमया म्हणाली, "मी साईराजला केव्हाच सांगितलंय. तुला वाटलं मी लपवून लग्न करीन?" मी म्हटलं, त्याने घरी सांगितलं का? तर म्हणे, ते विचारलं नाही. ती रुसली आहे असं नाही. पण त्या दिवसापासून फ्रेम तिने ओट्यावर उभी करून ठेवली आहे. भिंतीवर लावत नाही. "तू काढलीस, तूच लाव" म्हणते. मीही लावलेली नाही. लावायला हात गेला की वाटतं, आधी ते कळवू देत, मग लावू. म्हणजे बघ.

आता पत्राचं खरं कारण. निडीवाले तुझ्याकडे येणार. गुणाजी त्याचा वाल अष्टमी गावात, तुझ्याच दुकानात घालतो, ते मला कमळाकर बोलून गेला. चौकशी तुझ्याकडेच होणार. तू काय सांगायचं ते मी सांगत नाही. माझ्याबद्दल तुला जे वाटतं ते सांग, तुझा हक्क आहे. पण पोरीला त्यात ओढू नकोस एवढंच. तिने तुझं काही केलेलं नाही. तुझ्याकडे मागायचं तोंड मला नाही, म्हणून शेवटच्या ओळीत मागते आहे.

गोदू


पेण
शुक्रवार, ७ फेब्रुवारी

काल कमळाकर आला होता. तू निडीवाल्यांना काय सांगितलंस ते त्याने तुझ्या आवाजात म्हणून दाखवलं, हात कमरेवर ठेवून.

"माझ्यासमोर तिचं नाव काढू नका. पण आता काढलंच हाय तर ऐका. गोदू खोटं बोलत नाय. आयच्या दहाव्याला एक खोटं बोलली असती तर कावळा शिवला असता आणि आमची आय पोटभर जेवून गेली असती. नाय बोलली. म्हणून मी तिचं तोंड बघत नाय. पण त्या घरातली पोरगी तुमी डोळे मिटून करा."

कमळाकर हसत होता आणि पापड मोडत होता. म्हणाला, "ताय, बहिणीनं बाजू घेतली तुमची." मी विचारलं, गुणाजी काय म्हणाला? तर म्हणे गुणाजीने कप बशीत पालथा घातला, "बघू" म्हणाला आणि उठला.

मी कमळाकरला पापड वाढायची विसरले. तो स्वतः उठून डब्यातून घेऊन आला.

शांते, तू माझ्याबद्दल नऊ वर्षांत काढलेला पहिला शब्द, आणि तो खोटा पडला. तू नाही पाडलास, मी पाडला, तू बोलायच्या आधीच.

दहाव्याचं मी तुला कधी बोलले नाही. तू तिथेच होतीस, पण तू तुझ्या जागेवरून बघत होतीस. माझ्या जागेवरून कसं होतं ते सांगते. कुंडलिकेच्या घाटावर पिंड ठेवला, कावळे झाडावर, एक खाली येईना. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल. मग सगळे एकेक पुढे होऊन आयला वचन देत होते. भाऊजी म्हणाले घर दुरुस्त करतो, तू म्हणालीस तिचं तुळशीवृंदावन सांभाळते. कावळा येईना. मग तू माझ्याकडे वळलीस. "बाय, सांग तिला, ते सोडते म्हणून. तिचा जीव तुझ्यात अडकलाय." तेव्हा मला बाप्तिस्मा घेऊन वर्ष झालं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. तू माझ्या कानात म्हणालीस, "खोटं बोल हवं तर. कोण बघतंय."

मी तोंड उघडलं होतं गो. ते तुला माहीत नाही. जीभ टाळ्याला लागली होती. पण वाटलं, आय जिवंत होती तोवर तिला फसवलं नाही, आता ती मेल्यावर फसवू? आणि प्रभूलाही त्याच वाक्यात? मी गप्प राहिले. ऊन डोक्यावर आलं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला, आणि तू म्हणालीस, आय उपाशी गेली.

मी नऊ वर्षं मनात म्हणत आले की मी बरोबर होते. आज पण तेच म्हणते. ते वचन मी आजही देणार नाही. पण एक चुकलं. आय उपाशी गेली असं मला वाटत नव्हतं, तुला वाटत होतं. मी खरं बोलण्यात एवढी गुंतले होते की तुझा हात धरला नाही. बाजूला येऊन तुझा हात धरून उभी राहिले असते तर माझा प्रभू काही रागावला नसता. रघू गेला तेव्हा पास्टरीणबाईने तेरा दिवस माझी भांडी घासली आणि देवाचं नाव काढलं नाही. मीच तिला चौदाव्या दिवशी विचारलं, तुला हे कोणी शिकवलं. मला ते मिळालं होतं, आणि तुझ्या वेळी मी नुसती खांबासारखी उभी.

म्हणून आता जास्त लागतं. आयच्या भुकेसाठी जे बोलले नाही ते नातीच्या स्थळासाठी बोलले. तू तेव्हा मागितलंस आणि मी दिलं नाही. यांनी मागितलंही नव्हतं.

मी ठरवलं आहे. निडीला जाते आणि सांगते. लग्न मोडलं तर किमयाला मी काय तोंड दाखवू माहीत नाही. तिला विचारलं, जाऊ का. तिने ओट्यावरची फ्रेम सरळ केली. मग म्हणाली, "जा. पण मोडलं तर माझ्याशी दोन दिवस बोलू नकोस."

तुझा शब्द खोटा पडू द्यायचा नाही म्हणूनही जाते आहे. हे वाचून तुला राग येईल. येऊ दे.

गोदू


पेण
गुरुवार, १३ फेब्रुवारी

काल निडीला जाऊन आले. गुडघे अजून दुखतायत, म्हातारीला विचारून त्याच गोळ्या घ्याव्या म्हणते.

सकाळच्या मेमू गाडीने गेले. फ्रेम टॉवेलात गुंडाळून मांडीवर. समोरची बाई विचारते, "आरसा काय?" मला 'व्हय' म्हणायला काय जात होतं. जीभ तिकडे वळलीच होती. म्हटलं, "नाय, माझ्या प्रभूची फ्रेम हाय. व्याह्यांना दाखवायला नेते." ती बाई म्हणाली, "बरं," आणि खिडकीतून बाहेर बघायला लागली. काहीच झालं नाही, शांते. आभाळ खाली आलं नाही. मी उगाच एवढे दिवस त्या एका वाक्याला भ्यायले.

पण निडीला उतरले आणि भीती परत आली, होती तेवढीच. स्टेशनच्या बाकावर बसून प्रार्थना केली. मोठी नाही. म्हटलं, प्रभू, तूच चल पुढे.

गुणाजी खळ्यावर वाल झोडत होता. म्हातारी बाजूला शेंगा निवडत बसली होती. मला बघून दोघांचे हात थांबले. असं न कळवता कोणी मुलीकडचं येत नाही, ते मलाही माहीत आहे. बसा म्हणायच्या आधी मी टॉवेल सोडला आणि फ्रेम त्यांच्यासमोर धरली.

"तुमी विचारलं होतं, भिंतीवर काय होतं. हे होतं. कॅलेंडर नव्हतं. मी येशूला मानते. अकरा वर्षं झाली. त्या दिवशी लपवलं, तांदळाच्या पिंपात."

म्हातारी फ्रेम जवळ घेऊन बघायला लागली. "कोकरू बरं काढलंय," म्हणाली. "पिंपात घातलंत? पोरकिडे लागतात."

गुणाजी म्हणाला, "आमाला म्हायत हाय."

"कधीपासून?"

"साईराजनं दिवाळीतच सांगितलं. आणि तुमच्याकडं आलो त्या दिवशी गाडी वळवायला नाक्यावर थांबलो, तिथं तिघांनी सांगितलं. एकानं तर पत्ताच असा दिला, जिथं रविवारी गाणी म्हणतात ते घर."

मग तो म्हणाला, आणि हे त्याचं त्या दिवसाचं सगळ्यात लांब बोलणं, "देवाची अडचण आमी आमच्यात बघत होतो, ती निघाली असती. अडचण त्या कॅलेंडरची झाली. तुमच्या बहिणीनं ठासून सांगितलं, गोदू खोटं बोलत नाय. मी म्हटलं, माझ्यासमोर तर बोलली. मग कोणावर विश्वास ठेवायचा? आज भिंतीवरचं लपवलं, उद्या पोरीचं काय दुखणं असलं तर ते पण लपवतील."

"भ्यायले मी," मी म्हटलं.

"कोणाला?"

"तुमाला."

म्हातारी एवढी हसली की तिला खोकला लागला. "माझ्या गुणाजीला? त्याला बैल पण भीत नाय गो."

मग बसायला दिलं, पाणी दिलं. मला वाटलं झालं. पण गुणाजीने विचारायला सुरुवात केली. लग्नात मांडवात येणार काय? मी म्हटलं येणार. अक्षता? "टाकीन. तांदूळ ते तांदूळ, आशीर्वाद माझा." पूजा? "हात नाय लावणार. पण मधून उठून पण नाय जाणार, बसून राहीन." आणि पोरगी? तिने देवघरात दिवा लावायचा की नाही?

इथे माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, शांते. तो खूश होईल असं. मी ते गिळलं. म्हटलं, "तिचं तिला विचारा. तिच्या वतीनं मी एकदा खोटं बोलले. आता तिच्या वतीनं खरं पण नाय बोलणार."

गुणाजीने काठी उचलली आणि परत वाल झोडायला लागला. "भावकीत विचारावं लागंल," म्हणाला. चहा झाला, म्हातारीने गेटपर्यंत सोडलं. हो नाही आणि नाही पण नाही. पुढे केलेला हात त्यांनी धरला की नुसता बघितला, तेच कळलं नाही.

स्टेशनवर बसले होते. पुढचं स्टेशन रोहा. तिकडची गाडी आधी आली. दार उघडं, माझ्या समोर. तिथून रिक्षा केली असती तर अर्ध्या तासात तुझ्या दुकानासमोर. उठले पण होते. मग म्हटलं, तीन पत्रांचं उत्तर तिने दिलं नाही, आता अंगावर जाऊन पडणं बरं नाही. गाडी गेली. बरं केलं की घाबरले, ते अजून ठरत नाही.

घरी येऊन पहिलं काम, फ्रेम खिळ्यावर लावली. अगदी त्या चौकोनात बसली. किमया कामावरून आली, बघितलं, भाताचं आधण ठेवलं. आता आम्ही दोघी भाताचे ढीग करतो, पण फ्रेमखाली बसून.

काल रात्री झोप लागली नाही. पोरीचं चांगलं होता होता माझ्यामुळे बिघडलं तर? नाथा म्हणतो, गोदूबाय, खरं बोलल्यावर कसली काळजी. त्याला नात नाही.

गोदू


पेण
सोमवार, १७ फेब्रुवारी

आज परत आधी आली ती म्हातारीच. या वेळी न्हाणीचं विचारलं नाही, सरळ गेली, माहीत होतं. हातात एक डबा होता, तो ओट्यावर ठेवून गेली. मागून गुणाजी एकटाच.

मी काही तयारी केली नव्हती. अंगावर घरचंच लुगडं, हाताला कोळंबीचा वास. भिंतीवर फ्रेम. गुणाजीने आत आल्या आल्या वर बघितलं, आणि मग बसला, गुडघ्यावर हात ठेवून.

म्हणाला, भावकीत विचारलं. चार घरं हो म्हणाली, दोन घरं लग्नाला येणार नाहीत. त्यातलं एक त्याच्या सख्ख्या चुलत्याचं. हे त्याने असं सांगितलं, जसं पावसात किती भात आडवं झालं ते सांगतात. मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सारला. म्हटलं, "माझ्यामुळे तुमचा चुलता तुटला."

"तुमच्यामुळं नाय. तो धाकट्याच्या लग्नाला पण आला नव्हता. तेव्हा जेवणावरून."

मग किमयाला बोलावलं, दुपारची जेवायला आली होती. त्याने तिला तेच विचारलं, दिव्याचं. मी हातातला चमचा खाली ठेवला. पोरगी उभ्या उभ्या म्हणाली, "काका, मी रविवारी मंडळीत बसते. लग्नानंतर पण बसेन, रोह्यात जिथे असेल तिथे. माझी प्रार्थना मी करीन. तुमच्या घरातल्या गणपतीत मी चूल सांभाळीन, मोदक करीन, पाहुण्यांचं बघेन. देवघराला कधी नाव ठेवणार नाही. पण आरतीला मला कोणी हाताला धरून उभं करू नका."

या वेळी कोंबडा आरवला नाही. मी मनात म्हटलं, गेलं.

म्हातारीने विचारलं, "मोदक येतात काय गो?"

"येतात. कळ्या नीट पडत नाहीत."

"किती पडतात?"

"सात-आठ."

"अकरा पायजेत. शिकवीन." आणि गुणाजीकडे वळून, "तू काय बघतोस? देवघरात दिवा मी लावते साठ वर्षं. माझे हात काय मोडलेत?"

गुणाजी हसला. मी त्याला पहिल्यांदा हसताना बघितला, पुढचा एक दात नाही. म्हणाला, बरं, मग घरची चार माणसं घेऊन सुपारी फोडायला येतो. रविवारी सकाळी दहाला बरं पडंल, साईराजला सुट्टी असते.

शांते, रविवारी सकाळी दहाला. मागच्या वेळचीच वेळ. माझ्या तोंडात 'या' हा शब्द आला होता, एका अक्षराचा. एवढं सगळं जमून आलेलं, आता वेळेवरून कुठे मोडता घाला. किमया माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "रविवारी दहा ते बारा इथं मंडळी बसते. पडवीत. ते झाल्यावर या."

गुणाजीने वर फ्रेमकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. "मग एक वाजता," म्हणाला. "जेवायलाच येतो."

एवढंच. मी नाथाला सांगायला बांधावर गेले तर चप्पल घालायची राहिली.

आता डब्याचं. म्हातारी निघताना म्हणाली, "अष्टमीच्या दुकानातून दिलाय. तुमची बहीण बोलली, रिकामं भांडं परत देत नायत, म्हणून इतकी वर्षं दिलं नाय." झाकण उघडलं तर वाल, कडवे, निवडलेले, एक खडा नाही. माझाच डबा, रघूच्या वेळचा, तळाला पोचा असलेला. नऊ डबे मिठाचे गेले, शांते, एक परत आला. मी त्यातले वाल अजून काढले नाहीत. तेव्हापासून चार वेळा झाकण उघडून बघितलं. रविवारी त्याचीच उसळ करते, सोलायला गुरुवारीच भिजत घालायला हवेत का शुक्रवारी, ते तूच सांगितलं असतंस.

बाकीचं लिहायला हात थांबत नाही, पण बाजाराला आलेला कमळाकर निघाला आहे, त्याच्याच हाती हे देते. एकच राहिलं. गाडीत पाच माणसं येणार, जागा सहा आहेत. निडीहून पेणला यायचं तर अष्टमी उलट्या वाटेला पडते, मी म्हटलं तसं. म्हातारी म्हणाली, पडू दे उलटी. रविवार, तेवीस तारीख, गाडी आधी अष्टमीच्या पुलापाशी येईल आणि साडेअकराला पाच मिनिटं थांबेल. इथे एक वाजता पोचतो म्हणालेत.

गोदू